रात्रीचं कोण विचारतं?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेलं भाषण. ज्या बायकांचे अनुभव यात आले आहेत त्यांची ओळख पटू नये म्हणून नावं-गावं दिलेली नाहीत.)

मघाशी फळ्यावर आजचा विषय लिहिला गेला, 'आतड्याचे जुनाट आजार आणि बायकांची झोप', तेव्हा मागच्या रांगेत थोडं हसू फुटलं. मी ते ऐकलं. साहजिक आहे. आपण मारहाणीवर बोलायला शिकलो, पाळीवर शिकलो, गर्भाशयाच्या पिशवीवर शिकलो, नवरा-बायकोच्या संबंधांवरही बोलू लागलो. पण संडासाचं नाव निघालं की अजून पदर तोंडाला जातो. आणि झोप हा तर विषयच वाटत नाही. झोप म्हणजे सगळी कामं संपल्यावर उरेल ती वेळ!

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. काही वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तिशीच्या आतली एक बाई माझ्याकडे पाठवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'खूप थकवा, रडते, घरात वाद, समुपदेशन करावे.' बरोबर सासूबाई होत्या. त्यांची तक्रार एकच. "दुपारी दोन-दोन तास लोळते. हाका मारून उठवावं लागतं. तरण्या बाईला कसला आलाय थकवा?" सून खाली मान घालून बसलेली. मी माझ्या शिक्षणाप्रमाणे सगळं केलं. सासूशी बोलले, पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं, घरातल्या कामाच्या वाटणीबद्दल समजावलं. केस पेपरवर लिहिलं, 'कौटुंबिक ताण, जुळवून घेण्यात अडचण.'

तिसऱ्या भेटीत ती तासाभरात दोनदा उठून बाहेर जाऊन आली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "रात्रीपण असंच होतं का गं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रात्रीचं कुणी विचारलंच नाही, ताई."

आठ महिने ती रोज रात्री चार-पाच वेळा उठत होती. पोटात कळ यायची, रक्त पडायचं. संडास चाळीच्या टोकाला. मूळव्याध असेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुरुष डॉक्टरसमोर तर नाहीच. मी तिला परत वर पाठवलं. दुर्बिणीची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला सूज आणि व्रण. तोपर्यंत तिच्या अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. आणि आम्ही सगळे तिच्या दुपारच्या झोपेवर चर्चा करत होतो!

ही चूक माझी होती, म्हणून आधी ती सांगितली. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाईला रात्रीचं विचारते. तुम्हीही विचारावं, एवढंच सांगायला मी आज उभी आहे.

आता आजाराबद्दल थोडं.

आतड्याच्या या जुनाट दाहाचे मुख्य प्रकार दोन. एक, आत्ता सांगितलेला अल्सरेटिव्ह कोलायटिस. दुसरा क्रोन्स डिसीज. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कुठंही होऊ शकतो. न्यूयॉर्कमधल्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. दोन्ही आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात सुरू होतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. ते संसर्गजन्य नाहीत. एकत्र जेवल्यानं किंवा एकच संडास वापरल्यानं होत नाहीत. कुणाच्या नजरेनं, पापानं किंवा हॉटेलात खाल्ल्यानंही होत नाहीत. औषधांनी आटोक्यात राहतात, पण मुळापासून जातील याची हमी नाही. काही महिने बरे जातात, मग पुन्हा उचल खातात. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय हे दिसायला इतके सारखे असतात की कित्येकांना आधी काही महिने क्षयाची औषधं घ्यावी लागतात आणि मग खरं निदान होतं.

यात रात्रीचं महत्त्व काय? निरोगी माणसाचं मोठं आतडं रात्री विश्रांती घेतं. त्याच्या हालचाली झोपेत मंदावतात आणि सकाळी उठल्यावर जोर धरतात, म्हणून आपल्याला उठल्या उठल्या जावंसं वाटतं. नुसतं पोट नाजूक असलेल्या, ताणानं बिघडणाऱ्या माणसाला दिवसा कितीही त्रास झाला तरी झोपेतून सहसा उठावं लागत नाही. ज्याला जुलाबाची कळ गाढ झोपेतून उठवते, त्याच्या आतड्यात खरी सूज असण्याची शंका घ्यावी लागते. जाणते डॉक्टर म्हणूनच हा प्रश्न विचारतात. पण बाहेरच्या विभागात गर्दी असते, दोन-तीन मिनिटांत केस पेपर हातावेगळा करायचा असतो. तिथं प्रश्न विचारला गेला नाही आणि बाईनं लाजून सांगितलं नाही, तर 'टेन्शन घेऊ नका' असं म्हणून गोळ्या मिळतात आणि बाई घरी जाते. बाईच्या दुखण्याला 'टेन्शन' म्हणणं किती सोपं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून पहिली गोष्ट पाठ करा. रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागणं, शौचात रक्त पडणं, वजन उतरणं, बारीक ताप येणं. यांपैकी काहीही काही आठवडे चालू असेल तर ते टेन्शन नव्हे. त्याची तपासणी झालीच पाहिजे.

आता निदान झालेल्या बायकांकडे येऊ. त्यांची झोप का मोडते? एक कारण नसतं. कळ येते, पोट दुखतं, सांधे दुखतात. सुजेमुळे शरीरात जी रसायनं तयार होतात तीही झोपेवर परिणाम करतात. अंगातलं लोह कमी झालं की रात्री पाय शिवशिवतात, सतत हलवावेसे वाटतात. पाळीच्या दिवसांत अनेकींना जुलाब वाढतात. आणि भीती असते, अंथरूण खराब होईल याची. एक बाई मला म्हणाली, "झोपले तरी एक कान पोटाकडे असतो." तिचा आजार वर्षभर शांत होता, पण कान काही पोटावरून हटला नव्हता. हे अनेकांच्या बाबतीत होतं. सूज उतरते, पण झोप परत येत नाही.

उलटही खरं आहे. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांचा अनेक वर्षं माग ठेवून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्री सहा तासांहून कमी किंवा नऊ तासांहून जास्त झोपणाऱ्या बायकांमध्ये, सात-आठ तास झोपणाऱ्यांपेक्षा, अल्सरेटिव्ह कोलायटिस होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ जागरणानंच आजार होतो असा कुणी घेऊ नये. पण ज्यांना क्रोन्सचा आजार आहे आणि तो शांत आहे, त्यांच्यातही ज्यांची झोप बिघडलेली असते त्यांचा आजार पुढच्या काही महिन्यांत उलटण्याची शक्यता जास्त असते, असं दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं आहे. आतडं झोप मोडतं आणि मोडलेली झोप आतड्याला त्रास देते. हे चक्र आहे.

इथपर्यंतचं डॉक्टरही तुम्हाला सांगतील. यापुढचं आपल्याला सांगावं लागेल, कारण झोपेचं पुस्तक लिहिणाऱ्यानं दहा बाय बाराची खोली पाहिलेली नसते.

काल संध्याकाळी आपण सगळ्यांनी चोवीस तासांचं घड्याळ काढलं. कुणी पाणी भरायला किती वेळ, कुणी भाकरीला किती, कुणी मुलांना किती, हे सगळं रंगवलं. मी ते कागद रात्री पुन्हा पाहिले. रात्री अकरा ते पहाटे पाच या भागात बहुतेकींनी एकच शब्द लिहिला आहे, 'झोप'. खरंच? त्यात मूल किती वेळा उठलं? सासऱ्यांना पाणी कुणी दिलं? नवऱ्याला रात्रपाळीहून आल्यावर ताट कुणी वाढलं? पहाटे साडेचारला नळ आला तेव्हा कोण उठलं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं आहे, पुरुषांचा ८८ मिनिटं. या २८९ मिनिटांतली कितीतरी मिनिटं झोपेतून कापलेली असतात. सगळ्यांच्या नंतर आडवी होणारी आणि सगळ्यांच्या आधी उठणारी बाई हे आपल्याकडे कौतुकाचं चित्र आहे. तिला हा आजार झाला की काय होतं बघा.

तिची जागा भिंतीच्या बाजूला, आत. बाहेर जायचं तर तीन माणसं ओलांडायची. दिवा लावला की सगळे उठणार. कडीचा आवाज झाला की सासरे खाकरणार. संडास घरात नाही. वस्तीतल्या सामाईक संडासात रात्री दिवा नाही, कडी नाही, आणि वाटेवर बसलेली पोरं. एकटीनं जायची भीती, म्हणून मुलीला उठवते. मुलीची उद्या शाळा. काहीजणी मोरीतच बादली ठेवतात आणि कुणी उठायच्या आत ती रिकामी करतात. त्या बादलीची शरम मला तीन-चार जणींनी सांगितली, प्रत्येकीनं रडत सांगितली.

एका बाईचा नवरा रोज मारायचा. कारण? "रात्री दोन-दोनदा बाहेर कुठं जाते?" तिनं आजाराचं सांगितलं तर म्हणाला, "दिवसा नाही का येत?" आपल्या समुपदेशन केंद्रात ही बाई आली तर आपण संशयाची केस म्हणून नोंद करू. ती आहेच. पण त्या संशयामागे एक आजार आहे हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

मग बायका स्वतःचे उपाय काढतात. सगळ्यात जास्त दिसणारा उपाय म्हणजे संध्याकाळनंतर जेवायचंच नाही. "पोटात काही नसलं की रात्र निघते." रात्र निघते, पण वजन उतरतं, रक्त आणखी कमी होतं, आणि थकवा वाढून दुपारी डोळा लागतो. त्यावर आळशी म्हणून शिक्का बसतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला लग्नानंतर दोन वर्षांत याच शिक्क्यावर माहेरी आणून सोडलं होतं. 'दिवसा झोपते' हे तिच्यावरचं मुख्य आरोपपत्र! रात्री ती किती झोपते हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण बाकी सगळे झोपलेले असत.

औषधांचंही तसंच. आजारानं उचल खाल्ली की पुष्कळदा प्रेडनिसोलोन देतात. ते स्टेरॉइड आहे आणि त्यानं झोप उडते, म्हणून दिवसाची मात्रा सहसा सकाळी खाल्ल्यावर घ्यायची असते. एक ताई ते रात्री घ्यायच्या. का? "सकाळी माझा हात रिकामा नसतो. डबे, पाणी, शाळा." कुणी त्यांना वेळेचं कारण सांगितलंच नव्हतं. वेळ बदलल्यावर त्यांना दोन-तीन तास जास्त झोप मिळू लागली. पण हे औषध आपल्या मनानं एकदम बंद करायचं नसतं, ते जिवावर बेतू शकतं. वेळ बदलणं, मात्रा कमी करणं, सगळं डॉक्टरांना विचारून.

दुसरं औषध मेसालामीनचा एनिमा. आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज असेल तर तो फार उपयोगी पडतो. झोपताना डाव्या कुशीवर होऊन घ्यायचा आणि रात्रभर आत राहू द्यायचा असतो. आता सांगा, एका खोलीत सहा माणसं झोपलेली असताना बाईनं हे कुठं करायचं? कित्येकजणी बाटल्या घेऊन जातात आणि कपाटात ठेवतात. डॉक्टर पेपरवर लिहितात, 'रुग्ण औषध नीट घेत नाही.' एका घरात आम्ही साधी गोष्ट केली. रात्री जेवणं झाली की नवरा आणि मुलं पंधरा मिनिटं बाहेर ओट्यावर बसायचे. तेवढ्यात तिचं काम व्हायचं. हे ठरवायला मला तीन वेळा त्यांच्या घरी जावं लागलं. पण झालं.

झोपेसाठी वेगळे उपचार आहेत. गोळ्यांशिवायचा, सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार जुनाट निद्रानाशावर प्रथम वापरावा असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं २०१६ मध्ये सुचवलं. त्यातल्या काही गोष्टी आपल्याला जमण्यासारख्या आहेत. रोज उठायची वेळ एकच ठेवणं, संध्याकाळनंतर चहा टाळणं, दुपारी झोपायचंच असेल तर थोडं झोपणं. पण 'झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा' हा सल्ला मी एका बाईला दिला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "दुसरी खोली तुम्ही देणार का, ताई?" तेव्हापासून मी सल्ला देण्याआधी घर बघते. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून मनानं आणू नयेत. अंगदुखीवरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही या आजारात त्रास वाढवू शकतात, हे लक्षात ठेवा.

मग आपण संघटना म्हणून काय करायचं?

पहिलं, विचारायचं. आपल्या आरोग्य-तपासणीच्या आणि समुपदेशन केंद्राच्या फॉर्मवर तीन प्रश्न वाढवू. रात्री किती वेळा उठता? कशासाठी उठता? संडास किती लांब आहे? थकलेली बाई आली की आपण रक्त तपासतो, नवऱ्याबद्दल विचारतो. तिथंच हेही विचारायचं, आणि मोकळ्या शब्दांत. 'मलविसर्जन' म्हटलं की बाई गप्प बसते. 'संडासला किती वेळा जावं लागतं' म्हटलं की बोलते.

दुसरं, लिहून घ्यायचं. पंधरा दिवस कॅलेंडरवर रोज एक आकडा, रात्री किती वेळा उठले, आणि रक्त दिसलं तर एक फुली. लिहिता न येणाऱ्या बायकाही हे करतात. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला की दोन मिनिटांतही काम होतं. हाच कागद आम्ही घरच्यांनाही दाखवतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या सासूबाईंनी कागद हातात घेऊन कितीतरी वेळ मोजलं. मग सुनेला म्हणाल्या, "मला उठवायचंस की गं." त्या काही एका दिवसात बदलल्या नाहीत. पण पुढं रात्री बॅटरी घेऊन तिच्याबरोबर त्याच जाऊ लागल्या, आणि पहाटेचं पाणी मुलानं भरावं हेही त्यांनीच ठरवलं.

तिसरं, संडासाची लढाई रात्रीपर्यंत न्यायची. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'च्या मोहिमेनं बायकांच्या मोफत मुताऱ्यांचा प्रश्न रस्त्यावर आणला. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिले. हे मोठं काम आहे. पण आपल्या मागण्यांत बहुधा दिवसाची बाई असते, कामाला किंवा बाजारात निघालेली. वस्तीतल्या रात्री दोनच्या बाईसाठी दिवा, कडी, पाणी आणि रात्री उघडं राहणारं दार मागायला हवं. कित्येक ठिकाणी सामाईक संडासाला रात्री कुलूप लागतं. उद्या आपापल्या वॉर्डात जाऊन बघा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हा आजार नाही. म्हणजे कामाच्या ठिकाणी वारंवार उठावं लागणाऱ्या बाईला तिथूनही आधार नाही. तोही विचार पुढं करावा लागेल.

चौथं आपल्या स्वतःबद्दल. आपण रात्री एकपर्यंत बैठका घेतो, पहाटे पाचला गाडी पकडतो आणि 'झोपायला वेळच नाही' हे अभिमानानं सांगतो. शिबिराच्या हॉलमध्ये चाळीसजणी आणि संडास दोन! ज्या मैत्रिणीला हा आजार आहे ती मग मुक्कामी शिबिराला येतच नाही, आणि आपण म्हणतो तिचा उत्साह कमी झाला. या शिबिराला येऊ न शकलेल्या एकीनं मला निरोप दिला आहे. ती म्हणते, "दाराजवळची जागा आणि कुणी काही विचारणार नाही एवढी खात्री, इतकं मिळालं तर मी पुढच्या वेळी येईन." मी तिला तुमच्या वतीनं हो म्हणून ठेवलं आहे.

मैत्रिणींनो, आजार जात नाही हे खरं. पण सुरुवातीला सांगितलेली ती बाई आता रात्री एकदाच उठते. दुपारी अर्धा तास झोपते, घरात सांगून झोपते. मागच्या भेटीत तिच्या कागदावर सलग नऊ दिवस शून्य होतं. तिनं तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "ताई, आता हे लिहा तुमच्या पेपरवर."

मी लिहिलं. आज घरी जाल तेव्हा निदान एका बाईला रात्रीचं विचारा. आपल्या आईपासून सुरुवात केली तरी चालेल.